मोठी बहीण आणि धाकटा भाऊ दत्तक घ्यायचेत, लळा लागेल का?

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. बाकीच्यांना कळावं म्हणून थोडक्यात परत मांडते. तुम्ही जुळे सोलापुरात राहता, तुमचं वय ४४, मिस्टरांचं ४८, लग्नाला १६ वर्षं झाली, उपचार वगैरे सगळे करून झाले. मिस्टरांच्या वाढदिवसाला एका बालगृहात जेवण द्यायला गेलात, तिथं ९ वर्षांची एक मुलगी आणि तिचा ५ वर्षांचा भाऊ बघितला आणि तेव्हापासून ती दोघं डोक्यातून जात नाहीत. आता तुम्हाला विचारायचंय की एवढ्या मोठ्या पोरांना लळा लागतो का, कारण सासूबाई म्हणतात लागत नाही. दुसरं म्हणजे दोन्ही एकदम झेपतील का, का आधी धाकट्यालाच आणावं. आणि तिसरं, आधी फॉस्टर केअरमध्ये, म्हणजे काही काळ सांभाळायला, घेऊन बघता येतं का, जमलं तर मग कायमचं दत्तक.

मी १९ वर्षं सोलापूर जिल्ह्यात हेच काम करते, होम स्टडी करणं, म्हणजे दत्तक घेणाऱ्यांच्या घरी जाऊन चौकशी करणं, मुलं घरी गेल्यावर फॉलोअपला जाणं, आणि मधेच कुणाचा रात्री ११ ला फोन आला की तो घेणं. खाली ज्या घरांबद्दल लिहिलंय त्यांचे तपशील बदललेत, ओळखायला जाऊ नका.

आधी कडू ते सांगून टाकते. ती दोन मुलं दत्तकासाठी आहेतच असं धरून चालू नका. बालगृहातली सगळी पोरं अनाथ असतात असा लोकांचा समज आहे पण तसं नसतंय. कुणाची आई ऊसतोडीला गेलेली, कुणाचा बाप जेलमध्ये, कुणाची आजी दर दिवाळीला एसटीनं येते, पिशवीत चार लाडू घेऊन, आणि नातवाला घेऊन जायची ऐपत नाही म्हणून गेटवर रडून परत जाते. अशी मुलं सांभाळायला ठेवलेली असतात, दत्तक द्यायला नाही. मूल दत्तक द्यायचं तर बाल कल्याण समितीनं चौकशी करून ते कायद्यानं दत्तकासाठी मुक्त आहे असं जाहीर करावं लागतं. टाकून दिलेलं किंवा अनाथ मूल २ वर्षांच्या आतलं असलं तर २ महिन्यांत आणि त्याहून मोठं असलं तर ४ महिन्यांत हे व्हावं असं कायदा म्हणतो. ज्या पोरांना वर्ष वर्ष कुणी भेटायलाच येत नाही किंवा ज्यांचे आईबाप सांभाळायला लायक नाहीत असं चौकशीत दिसतं, अशा मोठ्या मुलांनाही आता शोधून यादीत आणायचा प्रयत्न चाललाय, पण त्याला वेळ लागतो आणि लागायलाच पाहिजे, कारण एकदा दत्तक झालं की आधीच्या घराशी कायद्याचं नातं संपतं.

आणि बालगृहात जाऊन ही दोन आवडली, ही द्या, असं होत नाही. नोंदणी कॅरिंग्ज पोर्टलवर करायची, केंद्राच्या कारा म्हणजे दत्तक प्राधिकरणाचं आहे ते. मूल तिथूनच येतं. ती दोघं मुक्त आहेत का हे जिल्हा बाल संरक्षण कक्षात जाऊन विचारा, मुलांची खाजगी माहिती ते देणार नाहीत आणि देऊही नये, पण पुढचा रस्ता सांगतील.

तुम्ही लिहिलेलं नाही म्हणून विचारते, त्या मुलीला तुम्ही काही बोललात का? आम्ही परत येऊ, तुला घरी नेऊ, असलं काही? बोलला नसाल तर बोलू नका. मी एक पोरगी बघितलीय, वाढदिवसाला आलेल्या पाहुण्यांपैकी कुणीतरी बोलून गेलं आणि तिनं दोन फ्रॉक आणि कंगवा एका कॅरीबॅगमध्ये घालून ती कॅरीबॅग महिनाभर उशाला ठेवली होती. वाढदिवसाच्या जेवणाबद्दल माझं एकूणच मत फार चांगलं नाही, पोरांना रांगेत उभं करून अनोळखी माणसासाठी हॅपी बर्थडे म्हणायला लावतात, पण तो विषय वेगळा.

आता फॉस्टर केअर. तुम्ही यूट्यूबवर अमेरिकेतले व्हिडिओ बघितलेत असं दिसतंय, तिथं मुलं बालगृहात कमी आणि फॉस्टर घरांत जास्त असतात, त्याच घरांतून पुष्कळ जण दत्तक घेतात आणि मोठी मुलं किंवा भावंडं घेतली तर सरकार दर महिन्याला मदतही देतं. आपल्याकडं तसं नाही. इथं फॉस्टर केअर म्हणजे मूल काही काळ दुसऱ्या कुटुंबानं सांभाळायचं आणि शक्यतो ते आपल्या घरी परत जाईल हे धरून सांभाळायचं. त्यासाठी मिशन वात्सल्य या सरकारी योजनेतून महिन्याला ४००० रुपये मिळू शकतात. २०२४ च्या नव्या सूचनांप्रमाणे मूल २ वर्षं फॉस्टर कुटुंबात राहिलं आणि दत्तकासाठी मुक्त असलं तर त्याच कुटुंबाला ते दत्तक घेता येतं, आधी ही अट ५ वर्षांची होती. म्हणजे रस्ता आहे. पण तो ट्रायलचा रस्ता नाही. फॉस्टरला जाणारं मूल म्हणजे उद्या त्याची आई सावरली तर ते तिच्याकडं परत जाणार, आणि त्या दिवशी तुम्ही त्याची बॅग भरून हसत निरोप द्यायचा. हे ज्यांना जमतं त्यांना मी हात जोडते. तुम्हाला जमेल का ते तुम्हीच ठरवा, पण तुमच्या लिहिण्यावरून तुम्हाला कायमची मुलं पाहिजेत, मग दत्तकाच्याच रांगेत उभं राहा.

दत्तकाच्या रस्त्यातही फॉस्टर हा शब्द एकदा येतो म्हणून गोंधळ होतो. मूल स्वीकारल्यावर आणि कागद पुरे व्हायच्या आधी ते तुमच्या घरी येतं त्याला दत्तकपूर्व फॉस्टर केअर म्हणतात. पुढं जिल्हाधिकाऱ्यांची ऑर्डर होते, सप्टेंबर २०२२ च्या आधी हे काम कोर्टात व्हायचं. तर हा मधला काळ पण बघू जमतंय का म्हणून नाही. ९ वर्षांच्या पोरीला तुम्ही बघू म्हणून आणलंय हे तिला दुसऱ्या दिवशी कळतं. तोंडानं सांगावं लागत नाही, तिचे कपडे कपाटात लावलेत का बॅगेतच ठेवलेत यावरून तिला कळतं.

वयाचं एकदा क्लिअर करते. जोडप्याच्या दोघांच्या वयाची बेरीज बघतात. २ वर्षांपर्यंतच्या मुलासाठी ८५, २ ते ४ साठी ९०, ४ ते ८ साठी १०० आणि ८ ते १८ साठी ११०. तुमची बेरीज ९२, म्हणजे तान्हं बाळ तुम्हाला मिळणार नाही, पण ४ च्या पुढचं मिळू शकतं. शिवाय मूल आणि आईबाप यांच्यात कमीत कमी २५ वर्षांचं अंतर पाहिजे, ते तुमच्यात आहेच. बाळ मिळत नाही म्हणून मोठं घेतोय असं जर आत कुठं असेल तर ते दोघांनी बसून एकदा मोकळेपणानं बोलून घ्या. त्याच्यात लाज नाही, माझ्याकडं आलेल्या निम्म्या घरांची सुरुवात तिथूनच झाली. पण ते बोललं गेलं नाही की पुढं त्रास देतं, मग बाई सारखी मुलीला बघून मनात म्हणत राहते की ही लहानपणापासून असती तर.

तुमच्या दिरांनी सुचवलंय की मुलांची आई सापडली तर तिच्याकडून स्टॅम्प पेपरवर लिहून घ्या, गावाकडं असंच करतात. कृपा करून नको. बालगृहातलं मूल अशा कागदावर घेणं गुन्हा आहे, बाल न्याय कायद्यात ठरलेली पद्धत सोडून मूल दिलं किंवा घेतलं तर ३ वर्षांपर्यंत शिक्षा किंवा १ लाख दंड किंवा दोन्ही. १९५६ च्या हिंदू दत्तक कायद्याचं नाव काढतात लोक, पण त्या कायद्यात ज्याला मुलगा आहे त्याला दुसरा मुलगा दत्तक घेताच येत नाही, मुलीचंही तसंच, म्हणजे दोन भाऊ किंवा दोन बहिणी असल्या तर तिथंच अडलं. २०१५ च्या बाल न्याय कायद्यात ही भानगड नाही, दोन्ही मुलगे असोत की दोन्ही मुली, एकत्र येतात.

आता भावंडांचं. आधी धाकट्यालाच आणलं तर काय होईल, असं विचारलंय तुम्ही. नियम सांगतो की भावंडं शक्यतो एकाच घरात द्यायची, त्यामुळं ती दोघं एकत्र नोंदलेली असली तर तुम्हाला निवडायचा प्रश्नच येणार नाही. पण नियम बाजूला ठेवून सांगते. त्या ५ वर्षांच्या पोराची आई कोण आहे आत्ता? ती ९ वर्षांचीच आहे. तीच त्याचं नाक पुसते, कुणी मारलं तर तीच मधे पडते, त्याला शी झाली तर बालगृहातल्या मावशींच्या आधी तिला कळतं. तुम्ही एकट्या धाकट्याला नेलं तर अनाथ मुलाला आई दिली असं होणार नाही, पोराला त्याच्या आईपासून तोडलं असं होईल.

आणि इथंच मोठ्या मुलांच्या दत्तकातली सगळ्यात मोठी चूक होते, दोन्ही मुलं आणणारेही करतात, मी स्वतः करायला लावलीय. माझ्या कामाच्या तिसऱ्या-चौथ्या वर्षी असंच एक जोडपं होतं, विजापूर रोडला घर, भली माणसं, मुलगी ८ ची आणि भाऊ साडेचारचा. मीच त्यांना सांगितलं की पोरगी आईपण करून दमलीय, तिला तिचं बालपण परत द्या, वेगवेगळे बेड करा, त्याचं अंघोळ-जेवण आता तुम्ही हातात घ्या. पुस्तकात वाचलेलं होतं आणि वाचायला किती चांगलं वाटतं बघा. दहा दिवसांत त्या बाईंचा फोन, पोरगी झोपतच नाही. रात्री दोन-दोनदा उठून भावाच्या खोलीच्या दारात येऊन उभी राहते, त्याच्या नाकापाशी हात धरून बघते. जेवताना आईनं त्याला भाकरी मोडून दिली की ही ताट ढकलून देते. मी घरी गेले तेव्हा माझ्यासमोर ती म्हणाली, माझा भाऊ घेतला तुम्ही. घरात पाच माणसं बसलेली, कुणाला काही बोलता येईना.

मग आम्ही सगळं उलटं केलं. दोघांच्या गाद्या एकाच खोलीत, शेजारी शेजारी. ताटं वाढली की आई भाकरी मोडायची नाही, भाकरी पोरीच्या हातात द्यायची आणि विचारायची, ह्याला किती लागते गं, चटणी तिखट होते का त्याला? म्हणजे तिला हेड करून टाकलं. पहिले दोन महिने ती अगदी कडक, हे नको, ते त्याला चालत नाही, ह्याच्या दुधात साखर जास्त घाला. मग एक दिवस खेळायला जायची घाई होती तर ती दारातूनच ओरडली, तुम्हीच मोडून द्या त्याला. झालं. आईनं मोडून दिली. मला फोन करून सांगताना त्या बाई रडत होत्या, आणि मी पण.

तुमच्या पहिल्या प्रश्नाचं माझं उत्तर याच्यात आलं. मोठ्या मुलाला लळा लागतो, पण तुम्ही आई व्हायला धावलात तर उशिरा लागतो. त्याच्याकडं आधीच आई असते, जिवंत असो वा नसो, चांगली असो वा वाईट, आणि भावंडं असली की थोडी आई मोठ्या बहिणीत पण असते. ह्या जागा भरलेल्या आहेत. तुम्हाला जी जागा रिकामी मिळते ती वेगळी आहे, म्हणजे बोललेलं पाळणारं माणूस. संध्याकाळी ६ ला येते म्हणलं तर ६ ला येणारं. बालगृहातल्या मुलांनी खूप माया बघितलेली असते, येणारे जाणारे सगळे गाल ओढून जातात, परत येणारं माणूस मात्र त्यांनी बघितलेलं नसतं. म्हणून पहिल्या सहा महिन्यांत लाड कमी आणि वेळेचं पक्कं, एवढंच मी सांगते. फिरायला न्यायचं कबूल केलं तर पाऊस आला तरी छत्री घेऊन न्या.

हाक काय मारतील याची काळजी करू नका. बालगृहात प्रत्येक बाई मावशी नाहीतर मॅडम असते, त्यामुळं तुम्हाला पण मावशी म्हणतील. एका घरात ११ महिने मावशी चाललं आणि मग एकदा तापात आई म्हणली, सकाळी उठून परत मावशी. चालू द्या. नाव मात्र बदलू नका. ९ वर्षांच्या पोरीकडं आधीच्या घरातलं उरलेलं सामान म्हणजे बहुतेक वेळा तेवढंच असतं.

पहिले काही आठवडे पोरं इतकी शहाण्यासारखी वागतात की तुम्हाला वाटेल लोक उगाच घाबरवतात. ताट स्वतः धुतील, बाथरूमला जाऊ का म्हणून विचारतील, सगळ्याला हो म्हणतील. त्याला मी पाहुणेपणा म्हणते. तो उतरला की खरं सुरू होतं, साधारण दुसऱ्या ते सहाव्या महिन्यात, प्रत्येक मुलाचं वेगळं. खोटं बोलणं, पैसे उचलणं, झोपेत गादी ओली होणं, दार आपटून तुम्ही माझे कोण म्हणणं. आणि खाणं लपवणं, हे तर इतक्या घरांत बघितलंय. उशीच्या खोळीत अर्धी कडक भाकरी, दप्तराच्या पुढच्या कप्प्यात साखर, मुंग्या लागल्यावर कळतं. ती चोरी नाही, उद्या मिळेल का नाही याची तयारी आहे. ओरडायचं नाही, जप्त पण करायचं नाही. एक झाकणाचा डबा द्या, हा तुझा, ह्यातलं कधीपण खा, संपलं की मी भरते, आणि खरंच रोज भरा. कडक भाकरी, शेंगाचटणी, चिक्की, काहीही जे टिकतं. एका घरात डबा चार महिने भरावा लागला, पाचव्या महिन्यात त्यात खेळायच्या गोट्या सापडल्या.

एक गोष्ट लोक विचारायला लाजतात म्हणून मीच लिहिते. मोठ्या मुलांच्या आधीच्या आयुष्यात मारहाण असू शकते, अंगाला नको तसा हात लागलेला असू शकतो. मूल दाखवताना तुम्हाला दोन रिपोर्ट मिळतात, एक मुलाच्या अभ्यासाचा, म्हणजे त्याचं आजवरचं काय कसं, आणि एक मेडिकल. दोन्ही नीट वाचा, डॉक्टरला दाखवा, जे लिहिलेलं नाही ते संस्थेतल्या समाजसेविकेला तोंडी विचारा. बऱ्याचदा फाईलमध्ये ओळ नसते पण रात्रपाळीच्या मावशीला माहीत असतं की पोरगी अंधारात का ओरडते. आणि ९ वर्षांची म्हणजे पाळीबद्दल बोलायचं हाताशी आलंय, ते पुढं ढकलू नका.

सगळंच गोड होतं असं मी सांगणार नाही. माझ्या बघण्यात एक घर मोडलं, ऑर्डर व्हायच्या आधी दोन भाऊ परत गेले. पैसा होता, मोठं घर होतं, दोघांना वेगळ्या सायकली घेतलेल्या. पण घरात प्रत्येक वाक्याच्या शेवटी एवढं केलं तुमच्यासाठी असायचं. मोठा १० वर्षांचा होता, तो एकदा म्हणाला मी सांगितलं नव्हतं करायला. खरंच होतं की ते. त्यांनी उद्धटपणा धरला आणि मग ते वाढतच गेलं. मी पण कमी पडले तिथं, महिन्यातून एकदा जात होते तिथं आठवड्याला जायला पाहिजे होतं. मुलांनी उपकार मानावेत ही अपेक्षा ज्या घरात आहे तिथं मोठी मुलं देऊ नयेत असं माझं मत त्यानंतर पक्कं झालं, होम स्टडीत मी हेच जास्त शोधते.

आपल्या सोलापुरात भाषेची एक वेगळी गंमत आहे. तुमच्या घरी तेलुगू बोलतात असं लिहिलंय, मुलं अक्कलकोटकडची असली तर त्यांच्या तोंडात कन्नड, शाळेत मराठी. हा अडथळा नाही पण पहिल्या महिन्यात पोरांसमोर घरातल्यांनी तेलुगूत कुजबुजणं बंद ठेवा. आपल्याबद्दलच बोलतायत असं वाटतं त्यांना, आणि खरं सांगू का, बऱ्याचदा आपण त्यांच्याबद्दलच बोलत असतो. धाकटा बहिणीला अक्का म्हणत असेल तर तो शब्द तुमच्या सासूबाईंनाही आपलाच वाटेल, कन्नडमध्ये अक्का, तेलुगूत अक्का, मराठीत पण अक्का.

शाळेचं थोडक्यात. आरटीई म्हणजे शिक्षण हक्क कायद्यानं वयाप्रमाणे वर्गात प्रवेश मिळतो, पण ९ वर्षांची पोरगी वाचायला दुसरीच्या पातळीवर असू शकते, बालगृहातून बालगृहात बदली झालेल्या मुलांचं असं होतं. लगेच ट्यूशन लावू नका. वर्गशिक्षिकेला मात्र आधीच भेटून ठेवा, कारण कधीतरी जन्मापासूनचे फोटो आणा असला प्रोजेक्ट येतो आणि पोरगी रडत घरी येते. बाईंना आधी माहीत असलं तर त्या आवडता फोटो आणा म्हणतील. रजेचं ऑफिसात आत्ताच विचारून ठेवा, तान्ह्या बाळासाठी जी सोय असते ती मोठ्या मुलासाठी असेलच असं नाही, आणि पहिले दोन महिने दोघांपैकी एक जण घरी पाहिजेच.

आता सासूबाई. मोठ्या पोरांना लळा लागत नाही हे त्या म्हणतात ते त्यांनी कुठंतरी बघितलेलं असणार, नातेवाइकाचं मूल आणून राबवून घेतलं आणि मग ते पळून गेलं असले किस्से आपल्याकडं घराघरात आहेत. वाद घालू नका. माझा अनुभव असा की विरोध करणारी आजीच बऱ्याचदा आधी जिंकते, कारण तिला आई व्हायची घाई नसते. अशोक चौकाकडच्या एका घरात हेच झालं. आजीबाई पहिले दोन महिने पोरीशी कामापुरतंच बोलायच्या. दुपारी त्या चटणीसाठी शेंगा फोडायला बसायच्या, पोरगी शाळेतून आली की न बोलता शेजारी बसून फोडायला लागायची. दोघींचे हात कामात, डोळे खाली. एक दिवस पोरगी शेंगा फोडता फोडताच म्हणाली, माझी आई लसूण जास्त घालायची. घरात आईचं नाव पहिल्यांदा निघालं ते असं, समुपदेशकासमोर नाही की दत्तक आईसमोर नाही. आजींनी वर बघितलं नाही, किती घालायची गं, एवढंच विचारलं आणि त्या दिवशी चटणी तशी कुटली. पोरीनं चाखून सांगितलं, अजून थोडा. आता त्या घरातली चटणी तशीच होते आणि मुलाला, म्हणजे त्या पोरीच्या दत्तक बापाला, ती तिखट लागते, पण त्याचं ऐकतं कोण.

हे जमायला घरात बिनकामाचा वेळ पाहिजे, तेवढाच. पंढरपुरात १८७५ पासून टाकलेल्या मुलांसाठी आश्रम आहे, म्हणजे आपल्या जिल्ह्याला दुसऱ्याचं मूल सांभाळणं काही आज कळलेलं नाही, फक्त तान्ह्या बाळाची सवय आहे आपल्याला, मोठ्याची नाही.

तर करायचं काय. कॅरिंग्जवर नोंदणी करा, कागद नेहमीचे, पॅन, लग्नाचा दाखला, उत्पन्न, मेडिकल, ओळखीच्या दोघांची शिफारस. फी ठरलेली असते, पोर्टलवर दिसते, पावती मिळते, त्याच्यावर एक रुपया कुणी मागितला तर देऊ नका. वयाचा गट निवडताना आणि भावंडं चालतील का हे भरताना घाई करू नका, बालगृहातली तीच दोघं मिळतील या आशेवर भरू नका, जी येतील त्यांच्यासाठी भरा. मोठ्या मुलांसाठी तान्ह्या बाळाइतकी वर्षानुवर्षांची रांग सहसा नसते, आणि ज्यांना घर मिळत नाही अशी मुलं पोर्टलवर वेगळी दिसतात, त्यात भावंडंही असतात. मूल दिसल्यावर ४८ तासांत रिझर्व्ह करायचं आणि मग ३० दिवसांत भेटून ठरवायचं, त्या ३० दिवसांत एक भेट करून थांबू नका, संस्था परवानगी देईल तितक्या वेळा जा. मोठ्या मुलाची संमती घेतात, पण जायचं का या प्रश्नाला मूल हो म्हणतंच, त्यानं तुम्हाला उलटे दोन प्रश्न विचारले की समजा ते खरंच विचार करतंय. पहिल्या भेटीला महागडी खेळणी नेऊ नका, घराचे फोटो न्या, संडास-बाथरूमचा पण, पोरं तेच आधी विचारतात. घरी आल्यावर दर ६ महिन्यांनी असा २ वर्षं फॉलोअप असतो, त्यासाठी येणाऱ्या बाईला चांगलं चांगलंच सांगत बसू नका.

होम स्टडीला माणूस येईल तेव्हा घर घासूनपुसून ठेवायची गरज नाही, आम्ही फरशी बघत नाही. आणि सासूबाईंना पढवून ठेवू नका. माझ्यासारखी कुणी आली तर ती चहा झाल्यावर त्यांच्याशी एकटीनं बोलायचं म्हणेल, तेव्हा तुम्ही दोघं गच्चीवर जा आणि त्यांना काय म्हणायचं ते म्हणू द्या.